थोरली बालवाटिकेत, धाकटा पहिलीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलाची बातमी होती. मथळ्यात ‘नववीतील विद्यार्थी’ आणि आत मजकुरात त्याचं वय तेरा. मी चष्मा पुसून परत वाचलं आणि पेन्सिलीनं समासात हिशेब मांडला. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत काढल्यावर ही खोड जात नाही. वय आणि इयत्ता शेजारी शेजारी दिसली की मन आपोआप वजाबाकी करतं. तेरा पूर्ण झालेलं पोर आपल्याकडे आठवीत असतं. बातमीत वय बरोबर होतं, इयत्ता चुकली होती. तिकडचं ‘ईयर नाइन’ म्हणजे आपली नववी, असं बातमी मराठीत आणणाऱ्यानं धरून चाललं. तिकडे पाच पूर्ण झालेलं मूल ‘ईयर वन’मध्ये बसतं, आपल्याकडे पहिलीला सहा लागतात. म्हणून त्यांचा आकडा आपल्याहून बहुतेक वेळा एकानं पुढे असतो.

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र काय लिहायचं, असं आमच्या घरातही म्हणून झालं. पण यंदाच्या, म्हणजे 2025च्या भाऊबीजेला आमच्या माजघरात याच वजाबाकीवरून रडारड झाली, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त वयं कापू नका.

मला तीन नातवंडं. मुलीची मुलगी बडोद्याला असते, तिचा जन्म 11 डिसेंबर 2019चा. धाकट्या मुलाची मुलगी इथे तासगावात माझ्याजवळ, ती 20 डिसेंबर 2019ची. दोघींत नऊ दिवसांचं अंतर. त्या डिसेंबरात एक बाळंतीण माझ्या घरात आणि दुसरी मिरजेला तिच्या माहेरी, डिंकाचे लाडू मी दोन डब्यांत भरत होते. तिसरा नातू थोरल्या मुलाचा, इंग्लंडात लेस्टरला. 14 एप्रिल 2020, म्हणजे ऐन लॉकडाऊनमधला. त्याला मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो चालत होता.

भाऊबीजेला बडोदेकर माहेरी आलेले. लेस्टरकर फोनवर. तिथे सकाळचे साडेसात, इथे दुपारचे बारा. तो शाळेच्या गणवेशात, तोंडात टोस्ट. दोघी बहिणींनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि निरांजन फिरवून त्याला ओवाळलं. काच धुरकट होईल म्हणून सून सारखी ‘लांबून, लांबून’ म्हणत होती. ओवाळून झाल्यावर कुणीतरी विचारायचं ते विचारलंच, ‘काय रे, कितवीत तू आता?’ तो म्हणाला, ‘ईयर वन.’ तासगावकरीण लगेच म्हणाली, ‘मी पण पहिलीत!’ बडोदेकरीण गप्प. मग हळूच म्हणाली, ‘मी बालवाटिकेत.’ बालवाटिका म्हणजे तिकडचा पहिलीच्या आधीचा वर्ग. आणि माझा धाकटा, तोंडाला कधी लगाम नसलेला, हसत म्हणाला, ‘म्हणजे तू नापास झालीस की काय गं?’

पोर निरांजनाचं ताट तिथेच ठेवून परसात गेली. करंजी नको, फटाके नकोत. मी मागे गेले तर धुण्याच्या दगडावर बसून बोटांच्या पेरांवर महिने मोजत होती. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मग मला म्हणाली, ‘आजी, मी सगळ्यांत मोठी आहे ना? मग मी सगळ्यांत खाली का?’

प्रश्न बिनचूक होता. वयानं सगळ्यांत थोरली ती वर्गानं सगळ्यांत धाकटी, आणि जो चार महिन्यांनी लहान तो पहिलीत. पोर हुशार की ढ, याचा त्यात काडीचा संबंध नाही. सगळा खेळ तारखांचा आहे. गुजरातेत 2023च्या जूनपासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि ती 1 जूनला पूर्ण असावी लागतात. तिला त्या दिवशी साडेपाच होती, म्हणून ती बालवाटिकेत. आपल्या राज्यातही सहा पूर्णच लागतात, पण ती 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात. आमच्या तासगावकरणीची सहा वर्षं पूर्ण होणार 20 डिसेंबरला. म्हणजे शाळा सुरू होताना नव्हे, सुरू होऊन सहा महिने झाल्यावर. जन्म बारा दिवस पुढे गेला असता तर तीही आज सिनियर केजीतच असती. शिवाय ही 31 डिसेंबरची तारीख काही आकाशातून पडलेली नाही. आधी 30 सप्टेंबर होती, सप्टेंबर 2020मध्ये सरकारनं ती पुढे नेली. जुनाच नियम राहता तर दोघी बहिणी यंदा एकाच पायरीवर बसल्या असत्या आणि माझी करंजी वाया गेली नसती.

केंद्रीय विद्यालयांची तारीख तिसरीच, 31 मार्च. कायदा एकच आहे बरं का. शिक्षणहक्काचा 2009चा कायदा, 1 एप्रिल 2010पासून लागू, सहा ते चौदा. ‘सहा’ सगळ्यांनाच मान्य आहे. सहा कुठल्या दिवशी मोजायची, यावर घोडं अडलं आहे.

आणि ‘सहा’ या शब्दावरसुद्धा. इथे मी जरा बूड टेकून बसणार आहे, कारण हा घोळ माझ्या टेबलासमोर दर जूनमध्ये उभा राहायचा. आपल्या बोलण्यात वय सांगायच्या दोन रीती आहेत. एक पूर्ण वय आणि एक चालू वय. ‘पोरगी सहा वर्षांची’ आणि ‘पोरीला सहावं लागलंय’ यांत अख्ख्या वर्षाचा फरक. सहावं लागलं म्हणजे पाच सरली. शिकलेल्या माणसालाही घाईत हे उमगत नाही. पटनोंदणीला आम्ही वाड्या-वस्त्यांवर फिरायचो. ओसरीवर बसून विचारायचं, ‘पोराला किती वर्षं झाली?’ आई सांगणार, ‘सहावं चालू हाय बाई.’ आमच्यातले नवे गुरुजी पट्‌कन सहा लिहून मोकळे. ती बाई खरं बोलली होती, लिहिणाऱ्यानंही ऐकलं तेच लिहिलं होतं, आणि तरी कागदावर पोर वर्षानं मोठं झालं. उलटही व्हायचं. शिकलेले आईबाप ‘पाच कम्प्लीट’ म्हणायचे आणि शेजारीण ‘सहावं’ म्हणायची, दोन्ही पोरं एकाच महिन्यातली. मी पुढे पुढे विचारायचंच सोडून दिलं. ‘कुठल्या सणाला झालं? त्या साली पाऊस कसा होता? थोरल्याच्या पाठीवर किती दिवसांनी?’ असं विचारलं की खरं वय निघायचं.

आता माझंच सांगते. माझी जन्मतारीख 1 जून 1951. माझ्या दादाचीही 1 जून 1951. आम्ही जुळी नव्हे. दादा माझ्याहून दीड वर्षानं मोठा. 1957 साली आमच्या आईनं दोघांना एकदमच शाळेत नेऊन बसवलं. शाळा ओढ्यापलीकडे, दादाला सोबत हवी, आणि मी घरात राहिले तर चुलीशी खेळते हे तिचं दुसरं कारण. तेव्हाची परीक्षा एकच होती, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. दादानं धरला. माझा हात कानाच्या वर बोटभर अडला. गुरुजींनी मला मान जरा कलती करायला सांगितली, कान हातात आला आणि मी सहा वर्षांची झाले. शाळा जूनची, म्हणून तारीख 1 जून. माझ्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या एका दिवशी येतो. हल्ली 1 जूनला फोन नुसता किणकिणत असतो. मी सगळ्यांना शुभेच्छा देते आणि मनात म्हणते, तुमचेही गुरुजी तसलेच दिसतात.

आई सांगायची, मी श्रावणातली, नागपंचमीच्या आदल्या दिवसाची. साल 1952. म्हणजे शाळेत बसले तेव्हा मला पाचवं चालू होतं, पाच पूर्णही नव्हती. सरकारी नोकरीत अठ्ठावन्न भरली की घरी. एक तारखेचा जन्म असला की आदल्या दिवशीच सुट्टी. 31 मे 2009 रोजी मी निवृत्त झाले, दादा एसटीतून त्याच दिवशी. त्या दिवशी तालुक्यात निरोप समारंभांना नारळ पुरत नव्हते. कलत्या मानेपायी माझा चौदा महिन्यांचा पगार गेला, त्याचं दुःख आता राहिलं नाही.

दुःख दुसऱ्याच एका नोंदीचं आहे. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका वाडीवर मी द्विशिक्षकी शाळेत होते. 1978च्या जूनमध्ये एक पोरगा पहिलीत आला. पाटीवर त्याला ‘ग’ काढता यायचा नाही. दंडा एकीकडे, गाठ दुसरीकडे. दुपारच्या सुट्टीनंतर भिंतीला टेकून झोपायचा. मी त्याला दुसरीपर्यंत ‘ढ’ म्हणत होते, तोंडावर म्हणत होते, आणि वर्गानंही तेच नाव उचललं. तिसरीत असताना त्याची आई कशाच्या तरी दाखल्याला आली. बोलता बोलता म्हणाली, ‘दुष्काळात बांधाच्या कामावर सुकडी खाऊन दिस काढलं, तवा ह्यो पोटात हुता.’ मी मनातल्या मनात बोटं मोजली. बहात्तरचा दुष्काळ, त्र्याहत्तरचा उन्हाळा. म्हणजे जन्म त्र्याहत्तरच्या पावसाळ्यातला. जनरल रजिस्टर काढून पाहिलं तर 1 जून 1972. सहाचा म्हणून बसवलेलं पोर पाचाचंही नव्हतं. शेजारी बसलेली पोरं सात-सात वर्षांची, आणि मी त्यांना आणि त्याला एकाच फुटपट्टीनं मोजत होते.

ती तारीख कुणी लिहिली होती ते कुणाला विचारावं लागलं नाही. अक्षर माझंच होतं. जिचा स्वतःचा हात कानाला पोचला नव्हता, तिनंच.

तेव्हापासून वर्गात एखादं पोर मागे पडलं की मी आधी त्याचा जन्म शोधायची. दरवेळी कारण तेच निघायचं असं नाही. पण पुष्कळदा निघायचं. सहाव्या-सातव्या वर्षी आठ-दहा महिने म्हणजे फार मोठा काळ असतो हो. बोटांत बळ त्याच महिन्यांत येतं. पुढे चौथी-पाचवीपर्यंत तो फरक विरघळून जातो, पण तोवर नाव पडलेलं असतं. आमच्या तासगावकरणीचं आता नेमकं तेच चाललंय. वर्गात सगळ्यांत लहान ती. वहीच्या चौकटीतून तिचा चार बाहेर पडतो म्हणून शेरा येतो. मी सुनेला म्हटलं, शेरा राहू दे, बडोद्याची तिच्याच वयाची पोर अजून रंगीत खडूनं भोपळा रंगवते आहे आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

पहिलीच्या खालच्या वर्गांबद्दल तर बोलायलाच नको. परवा बाजाराला निघाले तेव्हा मुद्दाम पाट्या वाचत गेले. एका शाळेच्या फाटकावर प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनियर केजी, सिनियर केजी. पुढच्या गल्लीत नर्सरी, एलकेजी, यूकेजी. मराठी शाळेच्या बालकमंदिरात छोटा गट आणि मोठा गट. त्यापुढे एका नव्या इमारतीवर ज्युनियर, सिनियर आणि प्रेप. अंगणवाडीवर काहीच नाही, तिथे तीन ते सहाची पोरं एका सतरंजीवर, आणि खरं सांगायचं तर तिथल्या ताईंना प्रत्येकाचं वय महिन्यानिशी माहीत असतं, कारण दर महिन्याला वजन घेऊन तक्त्यात भरायचं असतं.

या पाट्यांपायी आमच्या शेजारच्या घरात काय झालं ते पाहा. मुलगा सांगलीत एका शाळेत ‘सिनियर’ झाला. त्या शाळेत तीन पूर्णला ज्युनियर, चार पूर्णला सिनियर आणि पाच पूर्णला प्रेप. वडिलांची बदली इथे झाली. इथल्या शाळेत तीन पूर्णला नर्सरी, चारला ज्युनियर, पाचला सिनियर. लिपिकानं जन्मदाखला पाहिला आणि ‘सिनियर’ लिहिलं. बापाचा पारा चढला. ‘सिनियर झालंय त्याचं! परत सिनियर? पोरगं नापास आहे का आमचं?’ लिपिक म्हणाला, पहिलीला वय बसत नाही. बाप म्हणाला, गुणपत्रक आहे माझ्याकडे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे उभं पोर आपण काय चुकलो ते आठवत होतं. शेवटी मी जाऊन त्या बापाला जन्मतारखा लिहून दाखवल्या तेव्हा तो निवळला. तरी वर्षभर त्या मुलाला सोसायटीतली पोरं ‘डबल सिनियर’ म्हणतात.

बालवाटिका हा नवा शब्द आल्यावर वाटलं होतं, चला, एक नाव झालं. कसलं काय. गुजरातेत बालवाटिका म्हणजे पहिलीच्या आधीचं एक वर्ष. केंद्रीय विद्यालयात बालवाटिका एक, दोन आणि तीन, म्हणजे तीन वर्षं. शब्द गोड आहे, तक्रार नाही. जर्मनीत फ्रोबेलनं 1840च्या सुमारास आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ म्हटलं, म्हणजे मुलांची बाग, तीच ही वाटिका. भावनगरला गिजुभाईंनी 1920मध्ये बालमंदिर काढलं, तिथे काम करून आलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डी-कोसबाडला बालवाडी, अंगणवाडी हे शब्द रुजवले. वाडी, वाटिका, मंदिर, अंगण, सगळी नावं कुणीतरी मायेनं ठेवलेली. पण त्यातलं एकही नाव वय सांगत नाही. माझ्या मैत्रिणीची लेक ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून सिडनीला गेली. मेलबर्नला ‘किंडर’ म्हणजे शाळेच्या आधीचं वर्ष, सिडनीला ‘किंडरगार्टन’ म्हणजे शाळेचं पहिलं वर्ष. एका देशात एकच शब्द वर्षानं सरकतो, तिथे आपण कुणाला हसायचं!

लेस्टरच्या सुनेनं मागच्या वर्षी फोनवर सांगितलं, ‘आई, तो रिसेप्शनला जायला लागला.’ मी विचारलं, कुणाच्या? तिकडे ईयर वनच्या आधीच्या वर्षाला रिसेप्शन म्हणतात हे मला तेव्हा कळलं. चार वर्षं आणि साडेचार महिन्यांचं पोर दिवसभराच्या शाळेत. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांना तिथे एक वर्ष थांबवून घालण्याची विनंती करता येते, पण शेजारची सगळी जाताहेत म्हणून यांनीही घातलं. तिकडेही शेजार असतोच.

हा घोळ आजचा नाही हेही कबूल केलं पाहिजे. माझे वडील स्वतःला ‘इंग्रजी तिसरी’ म्हणवत, म्हणजे आजची सातवी. पहिलीच्या आधी बिगरी असायची. मी मॅट्रिक झाले ती अकरावीला, 1968 साली. दहावीला पहिल्यांदा बोर्ड झालं ते 1975मध्ये. त्यामुळे माझ्या वयाची माणसं अजूनही ‘अकरावी पास’ सांगतात आणि बँकेतलं पोरगं विचारतं, ‘मग बारावी का नाही केली आजी?’ त्याला मी काय सांगू, आमच्या वेळी बारावी जन्मायची होती.

आता खरी काळजी पुढची आहे. लेस्टरकर मे महिन्यात कायमचे पुण्याला येताहेत. नातवाला तेव्हा सहा पूर्ण झालेली असतील. तिथे राहता तर सप्टेंबरात तो ईयर टूमध्ये गेला असता. पुण्यातल्या राज्याच्या नियमानं चालणाऱ्या शाळेत जून 2026मध्ये त्याला पहिली मिळेल. आणि समजा केंद्रीय विद्यालयात घालायचं ठरलं असतं, तर 31 मार्चला त्याची सहा वर्षं पूर्ण व्हायला चौदा दिवस कमी पडले असते, म्हणून बालवाटिका तीन. एकच पोर, एकच साल, दुसरी नाही तर पहिली नाही तर बालवाटिका. मुलगा फोनवर म्हणतो, ‘आई, एक वर्ष मागे पडेल तो.’ मी त्याला विचारलं, कुणाच्या मागे? त्याला उत्तर देता आलं नाही. त्याच्या वयाची पुण्यातली सगळी पोरं त्याच वर्गात असतील. मागे पडणार आहे ते फक्त ‘ईयर टू’ हे नाव.

सगळ्या राज्यांनी एक तारीख धरावी असं कुणीही म्हणेल. दिल्लीहून पत्रं जातात, राज्यं आपापल्या सोयीनं वागतात, जूनची शाळा आणि एप्रिलची शाळा एका मापात बसत नाही. ते होईल तेव्हा होवो. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. नाव काय वाटेल ते ठेवा, त्याच्याखाली जन्मतारखांची मर्यादा लिहा. आपल्या राज्यात शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के प्रवेशाचा जो तक्ता निघतो, त्यात प्रत्येक वर्गापुढे ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले’ असं स्पष्ट असतं. त्यात ‘प्ले ग्रुप/नर्सरी’ अशी मधे तिरकी रेघ मारलेली असते. ती रेघ पाहिली की मला हसू येतं, नावांपुढे सरकारनंच हात टेकले, पण तारखा मात्र चोख दिल्या. तेवढंच शाळांनी फाटकावर लिहावं. ‘सिनियर केजी, जुलै अमुक ते डिसेंबर तमुक.’ रंगाऱ्याचं फार तर दोन तासांचं काम.

आमच्या भागात द्राक्षाचा बागायतदार दुसऱ्याला विचारतो, ‘प्लॉट किती दिवसांचा?’ छाटणीपासून मोजलेले दिवस तो सांगतो, पंचेचाळीस, साठ, नव्वद. औषध कुठलं, पाणी किती, सगळं त्या दिवसांवर ठरतं. शेजारच्या बागेत मणी कुठवर आले यावरून कुणी आपल्या बागेला ढ म्हणत नाही, कारण शेजारच्या बागेची छाटणी पंधरा दिवस आधीची आहे हे त्याला ठाऊक असतं.

आणि आपल्याला विनंती अशी की, परदेशातल्या बातमीत ‘ईयर’, ‘ग्रेड’, ‘किंडरगार्टन’ आलं की इयत्तेचा आकडा घालण्यापेक्षा सरळ वय लिहावं. ‘तेरा वर्षांचा मुलगा’ एवढं पुरतं. इथल्या बातमीतही ‘केजीतली चिमुकली’ लिहिता तेव्हा ती साडेतीनची की साडेपाचची हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि बातमी अपघाताची किंवा पोलिसांतली असली तर त्या दोन वर्षांनी फार फरक पडतो.

बडोदेकरीण भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी गेली. जाण्याआधी आम्ही दोघींनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून तिघांच्या वाढदिवसांवर गोल केले. 11 डिसेंबरवर तिनं स्वतः लाल खडूनं ‘6’ काढला, 20 वर धाकटीसाठी आणखी एक. एप्रिल त्या कॅलेंडरात पुढे नव्हताच, म्हणून लेस्टरकराचा सहा तिनं मागच्या पुठ्ठ्यावर काढला, आकारानं बराच लहान.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तासगाव, जि. सांगली
(वय : रजिस्टरप्रमाणे 74 पूर्ण, 75वं चालू. आईप्रमाणे 73 पूर्ण, 74वं चालू.)